गाभण घड्याळ

आमच्या घरमालकांकडे चावीची नऊ घड्याळं होती, आणि तरी ते दिवसातून दहा वेळा मला किती वाजले ते विचारायचे. मी नेरच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. जिन्यावर माझी चप्पल वाजली की खालून आवाज यायचा, "मास्तर, किती वाजले?" मी मोबाइल काढून सांगायचो. ते मान डोलावून म्हणायचे, "बरोबर." ते 'बरोबर' मला फार झोंबायचं. माहीत असेल तर विचारावं कशाला, आणि माहीत नसेल तर माझं उत्तर तपासावं कशाला?

महिनाभर मी गप्प बसलो. मग एकदा म्हटलंच, "डॉक्टरसाहेब, नऊ घड्याळं आहेत घरात. त्यातलं एखादं हातात काहून नाही घालत?"

त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटावर पट्ट्याचा पांढरट वण तेवढा होता.

"खुंटा मोकळा ठेवून राह्यलो," ते म्हणाले. "नवं जनावर यायचं असलं का खुंटा मोकळा ठेवा लागते. आता माही एक गाभण आहे."

डॉक्टरसाहेब म्हणजे गुरांचे डॉक्टर. राळेगाव, फुलसावंगी, मग नेर असं करत सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्त ते कागदोपत्री. दारात एखादी गाय उभी नाही असा आठवडा जात नसे, आणि बनियनवर बाहेर येऊन ते आधी गाईशी बोलत, मग मालकाशी. घड्याळाचा नाद त्यांना गाईंमुळेच लागला. गाईची नाडी शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने मोजतात, आणि मोजायला सेकंदकाटा लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते दुसऱ्याचं घड्याळ मागून नाड्या मोजत फिरले. नंतर स्वतःचं घेतलं, आणि एकावर थांबले नाहीत.

सकाळी सात वाजता ते आंघोळ करून पाटावर बसत. समोर पितळी ताटात पांढरं फडकं, त्यावर नऊ घड्याळं. एकेक उचलून चावी द्यायची, कानाला स्टेथोस्कोप लावून त्याची टिकटिक ऐकायची, आणि परत ठेवायचं. सगळ्यांना नावं होती. कपिली, मोरी, बांडी, चांदी. एक रोज चार मिनिटं मागे पडायचं, त्याचं नाव लंगडी.

"लंगडीले दुरुस्त करून आणा ना," मी एकदा म्हटलं.

"तिची चालच तशी आहे. तुमी कायले घाई करून राह्यले तिच्या मागं?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "झाली का सवतीची धार काढून? पोहे थंडे होऊन राह्यले."

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून घरी बसलेल्या. घड्याळांना त्या सवती म्हणत आणि कधी हात लावत नसत. ताट पुसायचं असलं तरी आधी नवऱ्याला घड्याळं उचलायला लावत. वेळ त्यांना एसटीवरून कळायची. अमरावतीची गाडी गेली की कुकर लावायचा, दारव्ह्याची आली की चहा. गाडी उशिरा आली तर चहा उशिरा. डॉक्टरसाहेबांना याचा मनस्वी त्रास व्हायचा, पण चहा काकूंच्या हातात असल्यामुळे ते बोलत नसत.

तर हे गाभण प्रकरण असं. स्वित्झर्लंडच्या कुठल्याशा डोंगरातल्या गावात एक म्हातारा आणि त्याची मुलगी हाताने घड्याळं बनवतात. वर्षाला मोजकीच. घड्याळाला रोज चावी द्यावी लागते आणि नंबर लावल्यावर चार वर्षं थांबावं लागतं. डॉक्टरसाहेबांनी ते घड्याळ भाच्याच्या मोबाइलवर पाहिलं आणि यवतमाळ रस्त्यावरचा एक प्लॉट विकून नंबर लावला. काकूंनी प्लॉटबद्दल कधी तोंड उघडलं नाही. घड्याळाबद्दल मात्र रोज उघडलं.

मी राहायला गेलो तेव्हा नंबर लावून थोडेच महिने झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी लाल पेन्सिलीने गोल केलेला असायचा, आणि खाली लिहिलेलं, 'तपासणी'. गाय गाभण राहिली की ते अशीच नोंद करत आले होते.

"गाईचे नऊ महिने नऊ दिवस," ते मला बोटांवर मोजून सांगत. "म्हशीचे दहा महिने दहा दिवस. घोडीचे अकरा. हत्तिणीचे बावीस. आन हिचे अठ्ठेचाळीस. मंग सांगा, हत्तिणीहून मोठं जनावर झालं का नाही?"

"पण मनगटावर मावते," मी म्हणालो.

"तेच तं."

तपासणीच्या दिवशी मला खाली बोलावणं यायचं. तिकडे ईमेल लिहायचं काम माझं. ते खुर्चीत बसून सांगत आणि मी टाइप करत असे. पहिल्याच वेळी ते म्हणाले, "लिहा, तब्येत कशी आहे तिची?" मी आपलं साळसूदपणे काम कुठवर आलं आहे असं इंग्रजीत लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे तं ठेकेदाराले विचारल्यासारखं झालं. तब्येत विचारा, मास्तर. तब्येत."

मग मी मुकाट्याने तब्येत विचारली. मला वाटलं, तिकडचे लोक आम्हाला वेड्यात काढतील. दोन आठवड्यांनी त्या मुलीचं उत्तर आलं. तब्येत उत्तम आहे, अजून तिच्या चाकांना दात फुटायचे आहेत. डॉक्टरसाहेबांनी ते उत्तर माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पोरगी हुशार आहे म्हणाले. त्यानंतर पत्रव्यवहाराला असा रंग चढला की एकदा त्यांनी तिला ओला चारा नीट मिळतो का असं विचारायला लावलं, आणि तिकडून उत्तर आलं की अजून तेल पाजायची वेळ आलेली नाही.

लोकांना वाटे, म्हातारा घड्याळासाठी झुरतो आहे. मला तसं कधी वाटलं नाही. त्यांना वाट पाहणं जमायचं. माझं तसं नाही. बसस्टँडवर गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मी चौकशीच्या खिडकीशी भांडून येतो. ते मात्र अशा माणसासारखे वाट पाहत ज्याला सांगितलेलं आहे की सगळं ठीक चाललंय. त्यांच्या घरात मी चार वर्षं राहिलो त्याचं एक कारण हेही असावं, की त्यांच्याजवळ बसलं की माझी घाई कमी व्हायची.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग लंगडी बंद पडली. चार मिनिटं मागे नाही, साफ बंद. आम्ही दोघं ती घेऊन यवतमाळला गेलो. तिथे त्यांचे नेहमीचे घड्याळजी होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. काचेच्या पेटीमागे बसलेले, डोळ्याला भिंग लावलेले. डॉक्टरसाहेबांनी खिशातून लंगडी काढून काचेवर ठेवली. चाचांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. भिंग वर सरकवून ते डॉक्टरसाहेबांच्या बोटांकडे पाहत राहिले.

"साहब, येच हाथ से चाबी देते क्या तुम?"

"हो. काहून?"

"कब से हिल रहा?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, गोळी वळावी तशी. डॉक्टरसाहेबांनी हात खिशात घातला.

"घडी इधर छोड जाव," चाचा हळू आवाजात म्हणाले, "और हाथ डॉक्टर को दिखाव. जनावर के नहीं, आदमी के."

अमरावतीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. उजव्या हातात आधीच आहे, डाव्यात सुरू झालाय, औषधाने कमी राहील, जाणार नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, ते घड्याळ चावीचं आहे."

"हो, माहीत आहे."

"यायले अजून दोन वर्षं आहेत."

त्या दिवसापासून आम्हा तिघांनाही एकच हिशेब दिसत होता. तिकडे चाकांना दात फुटत होते आणि इकडे बोटांतला जोर जात होता. घड्याळ यायचं ते या बोटांत चावी देण्याइतका जोर असेपर्यंत यायला हवं होतं. दुसरं कोणी चावी देईल, हा विचार त्यांच्यापुढे काढायचीही सोय नव्हती. ज्याने धार काढायची त्याचंच जनावर, असं त्यांचं मत मी शंभरदा ऐकलं होतं.

लंगडी चाचांकडून दुरुस्त होऊन आली, सकाळचा पाट चालू राहिला. फक्त आता मी खाली उतरलो की ते किती वाजले विचारण्याआधी दावणीचा हाल सांगत. "आज आठ दुभत्या, एक भाकड." काही महिन्यांनी, "सहा दुभत्या." ज्यांच्या चाव्या बारीक होत्या त्या आधी भाकड झाल्या. कपिलीची चावी मोठी, खरबरीत, ती शेवटपर्यंत टिकली. हात ते सारखा लपवत. बोलताना उजवा हात डाव्याखाली दाबून धरायचे, पाहुणे आले की दोन्ही हात शालीत. ज्या माणसाने आयुष्यभर ते हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात घालून वासरं सोडवली, तो आता चहाची कपबशी घ्यायला लाजायचा. मला ते पाहवत नसे.

आणि नेमकं त्याच सुमारास तिकडून पत्र आलं. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ तयार आहे. ते गृहस्थ तीन वर्षं थांबले आणि वारले. घरच्यांना घड्याळ नको आहे. तुम्हाला हवं असेल तर याच महिन्यात पाठवतो. मी जिना उतरतानाच ओरडत गेलो. काकू पीठ मळता मळता बाहेर आल्या. मी पत्र वाचून दाखवलं, आणि त्यांनी पिठाचे हात तसेच कपाळाला लावले.

"घेऊन घ्या," त्या म्हणाल्या. "देवानं पाठोलं समजा. आता तुमची कपिली चालून राह्यली, तोवर घेऊन घ्या."

डॉक्टरसाहेबांनी पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लिहा मास्तर, नको म्हना."

"काहून?" हे आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"तीन वर्षं त्या मानसानं वाट पायली तिची. ती त्याची झाली. ती माह्या दारात येईन आन त्याले शोधत राहीन. माही वाली अलग आहे. तिले मी रोज आठवून राह्यलो, तिची तब्येत विचारून राह्यलो. तिले सोडून दुसरीले कसं बांधू?"

"अहो, लोखंडाचं यंत्र आहे ते!" काकूंचा आवाज चढला. "ते कोनाले शोधत नाही!"

"नंबरात माह्या मागं जो असन त्याले द्या म्हनून लिहा."

मी लिहिलं. मला त्यांचा राग आला होता, तो मी लपवला नाही. पत्र पाठवून सरळ वर निघून गेलो. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेलो तेव्हा त्या एकट्याच होत्या. कपाटातून त्यांनी एक डबी काढून मला दाखवली. आत एक ऑटोमॅटिक घड्याळ होतं, साधंच, पण चांगल्यापैकी, बंद पडलेलं.

"हे मी घेतलं होतं, यांच्या रिटायरमेंटले. माह्या पगारातून. अमरावतीले जाऊन, चार दुकानं फिरून. समद्यायसमोर डबी उघडली आन काय म्हनाले माहीत आहे? 'ज्याले चावी द्या लागत नाही ते घड्याळ कायचं? ज्याले मालकाची गरज नाही ते जनावर कायचं?' लोक हासले. मीबी हासले." त्यांनी डबी मिटली. "अकरा वर्षं झाले. एक दिवस नाही घातलं."

चेष्टेत बोललेलं वाक्य माणूस विसरून जातो, ऐकणारा विसरत नाही. काकू सवती सवती करत आल्या त्याच्यामागे हे होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

अखेर अठ्ठेचाळीस महिने भरले. वर दोन महिने झाले. पार्सल नागपूरला येऊन कागदपत्रांत अडकलं होतं, तेव्हा आम्ही दोघंच जाऊन घेऊन आलो. परतीच्या एसटीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, माझ्याजवळ द्या. दिली नाही. दोन्ही हातांनी धरली होती आणि हात थरथरत होते, त्यामुळे पेटी सारखी हलायची, खुडखुड वाजायची. कळंबला चढलेल्या एक आजी शेजारच्या बाकावर बसल्या. बराच वेळ पेटीकडे बघत राहिल्या.

"काय गा भाऊ, कोंबडीचं पिल्लू हाय का याच्यात? जीव हाय वाटते."

"अजून नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "घरी गेल्यावर जीव येईन."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी हातपाय धुतले, धोतर बदललं आणि पाटावर बसले. काकूंनी ताट आणून ठेवलं, फडकं पसरलं. नऊ भाकड आधीच कपाटात गेल्या होत्या, कपिलीसुद्धा. पेटी मी उघडली. पांढरी तबकडी, निळे काटे, खाली छोटासा सेकंदाचा गोल. खरंच सुंदर होतं. मला घड्याळातलं काही कळत नाही, पण तरी मी खाली वाकून बघत राहिलो.

त्यांनी ते उचललं. बोटं चावीवर ठेवली. चावी बारीक होती, गुळगुळीत. बोटं तिच्यावरून घसरली. त्यांनी हात फडक्याला पुसला, पुन्हा धरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा श्वास रोखून, ओठ आवळून प्रयत्न केला. मग घड्याळ अलगद फडक्यावर ठेवलं.

"नाही जमत," ते म्हणाले.

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत. पण दोन्ही हात त्यांनी धोतराच्या सोग्याखाली लपवले, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं. काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, आता चार वर्षांचं सगळं बाहेर पडणार. त्या आल्या त्या हातात ती डबी घेऊन.

"तुमची आली ना घरी? नेम पुरा झाला ना?" त्या त्यांच्यासमोर बसल्या. "मंग आता खुंटा कायले रिकामा? हात द्या."

"ते बंद आहे."

"हात द्या म्हनते ना!"

काकूंनी सोग्याखालून त्यांचा डावा हात ओढून काढला आणि मनगटावर ते ऑटोमॅटिक घड्याळ बांधलं. पट्टा ताठरला होता, बांधायला वेळ लागला. तेवढ्या वेळात तो हात त्यांच्या मांडीवर सारखा हलत होता.

"दुकानदार म्हने, याले चावी लागत नाही. हात हलला का चालते," काकू म्हणाल्या. "आता हलते ना तुमचा हात."

बाहेर दारव्ह्याची गाडी येऊन थांबली, गेली. काकूंनी चहा ठेवला नाही. डॉक्टरसाहेब मनगटाकडे पाहत होते. मीही पाहत होतो. सेकंदकाटा एकदा पुढे सरकला, अडखळला, आणि मग चालायला लागला.

त्यांनी स्टेथोस्कोप मागितला. त्यांना तो मनगटावर स्थिर धरता येईना, म्हणून मी धरला. डोळे मिटून त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"बारा वर्षं भाकड होती," ते म्हणाले. "मी हिले उगाच बोललो." आणि मग काकूंकडे न पाहता, "तुलेबी."

काकूंनी डोळ्याला पदर लावला, आणि लगेच ताटाकडे बोट दाखवून खेकसल्या, "आन इचं काय करायचं आता? चार वर्षांनी आली अन तशीच मरू द्यायची का?"

"तू दे चावी."

"मी?"

"तूच दे. हळू. इकडून तिकडं नाही, वर. हळू, तिची कास दुखन."

काकूंनी ते परदेशी घड्याळ दोन बोटांत असं धरलं की जणू ते चावेल. चावी फिरवताना मोठ्याने आकडे मोजले, शाळेत मोजत असतील तसे. तिसावर डॉक्टरसाहेबांनी पुरे म्हटलं. तिने टिकटिक सुरू केली तेव्हा काकू म्हणाल्या, "सवतीची सेवा लिहिली होती नशिबात." पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, एसटीची वाट न पाहता, त्या पाटावर बसलेल्या होत्या.

घड्याळ आलं त्या संध्याकाळी मी माझ्या मोबाइलवरून ऑटोमॅटिकची वेळ लावून दिली, उशिराचा चहा घेतला आणि वर निघालो. डॉक्टरसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. शाल खुर्चीच्या पाठीवर होती. डावा हात त्यांनी खुर्चीच्या दांडीवर उघडा ठेवला होता, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा, आणि तो खुशाल हलत होता.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना खालून हाक आली.

"मास्तर!"

सवयीने मी खिशातून मोबाइल काढला. "सात वाजून..."

"तुमाले कोन विचारून राह्यलं?" ते म्हणाले. "मी सांगून राह्यलो. सात वाजून वीस मिनिटं झाले."

मी मोबाइलवर पाहिलं, आणि म्हणालो, "बरोबर."